झिपलाईनचा ब्रेक म्हणजे आपल्या वाडीतला पोरगा नव्हे

पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या मावळ-मुळशीतल्या पोरांचा आणि आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

पवना धरणाच्या कडेने जा, नाहीतर पौडवरून कोळवणकडे. रिसॉर्टच्या फ्लेक्सवर स्विमिंग पूल, रेन डान्स, चुलीवरचं जेवण याच्या खाली आता 'झिपलाईन' हमखास असते. दोन खांब किंवा दोन टेकाडं, मध्ये पोलादी तार, तारेवर चाकं आणि त्याला हार्नेसने लटकलेला माणूस. एवढ्याशा भांडवलावर शनिवार-रविवारी चांगली रांग लागते. माझा याला विरोध नाही. आपल्या लोकांच्या जमिनीवर आपल्याच लोकांचा धंदा चालतोय, चार पोरांना गावात राहून काम मिळतंय, ही चांगलीच गोष्ट आहे.

माझा प्रश्न तारेच्या दुसऱ्या टोकाचा आहे. तिथे माणूस थांबतो कसा?

मी पोटापाण्यासाठी लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी गेली वीसेक वर्षं ट्रेकिंग ग्रुपबरोबर डोंगरात असतो. त्यामुळे तार, दोर आणि ब्रेक या तीन गोष्टींकडे माझी नजर आपोआप जाते. तिकीट काढणारा माणूस वरच्या मचाणाकडे बघतो, हेल्मेट बघतो, फोटो कुठून चांगला येईल ते बघतो. उतरायच्या टोकाकडे कोणी बघत नाही. आणि झिपलाईनवरचा सगळा वेग जिरवायचा असतो तो त्याच टोकाला.

थोडा हिशेब करू, दहावीच्या विज्ञानाचाच आहे. वरचं टोक खालच्या टोकापेक्षा १२ मीटर उंच असेल, तर घर्षण आणि हवेचा विरोध सोडून वेग येतो ताशी ५५ किलोमीटर. हवा आणि चाकं थोडा वेग खातात, म्हणून ४० धरू. ताशी ४० म्हणजे सहा-सव्वासहा मीटर उंचीवरून, दोन मजल्यांवरून पडलेला माणूस जमिनीला टेकताना असतो तो वेग. हा वेग सहा मीटर अंतरात हळूहळू जिरवला, तर शरीरावर साधारण स्वतःच्या वजनाएवढाच जोर येतो, काही होत नाही. एका मीटरात जिरवला तर सहापट. आणि खांबाला बांधलेल्या टायरवर नाहीतर गादीवर आपटून अर्ध्या मीटरात थांबवला, तर बारापट. सत्तर किलोच्या माणसावर साडेआठशे किलोच्या वर जोर. गादी लावली म्हणजे सोय झाली असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बरं, हा वेग रोज सारखा नसतो. एकाच तारेवर ३५ किलोचं पोरगं मध्येच अडकतं आणि शंभर किलोचा माणूस सुसाट येतो, कारण हवेचा विरोध जड माणसाला वजनाच्या मानाने कमी जाणवतो. वारा समोरून असला तर वेग कमी, पाठीमागून असला तर जास्त. उन्हात पोलादी तार लांबते आणि सैल पडते, थंडीत ताणली जाते, की वेग बदलला. गोळा होऊन बसलेला माणूस हातपाय पसरलेल्या माणसापेक्षा जोरात येतो. म्हणजे 'काल सगळे नीट थांबले' याला आज काही अर्थ नाही.

आता थांबवायच्या पद्धती बघू.

सगळ्यात जुनी म्हणजे हातमोजा. जाड चामड्याचा मोजा घालायचा आणि चाकांच्या मागे तारेवर हात दाबायचा. शिकलेल्या माणसाला हे जमतं. पण पहिल्यांदाच लटकलेला, घाबरलेला माणूस हात चाकाच्या पुढे नेतो आणि बोटं चिरडून घेतो. नाहीतर भीतीने फार आधी दाबतो आणि तारेच्या मध्यावर अडकून बसतो. शिवाय ओल्या तारेवर मोजा नीट धरत नाही, आणि आपल्याकडे गर्दी कधी असते? पावसाळ्यातच.

दुसरी पद्धत तारेच्या झोळाची. तार मध्ये खाली आणि शेवटी थोडी वर चढती ठेवतात. माणूस चढावर आपोआप मंदावतो. पद्धत साधी आणि चांगली आहे, पण एकटी पुरत नाही. हलका माणूस टोकाला न पोचताच मागे घरंगळतो आणि जड माणसाचा वेग तरीही उरतो.

तिसरी पद्धत स्प्रिंगची. शेवटच्या काही मीटरात तारेवर स्प्रिंगा ओवलेल्या असतात, त्या दबत जातात आणि वेग खातात. काही ठिकाणी रबराचे जाड दोर असतात. ते उन्हाने आणि वापराने मरतात, म्हणून ठरलेल्या वेळी बदलावे लागतात.

चौथी चुंबकाची. फिरणारं धातूचं चाक चुंबकांच्या मधून जातं, त्यात वीज तयार होते आणि तीच चाकाला विरोध करते. बारावीला लेंझचा नियम शिकलात ना, तोच. गंमत अशी की माणूस जितका जोरात येईल तितका हा ब्रेक जोरात धरतो. जड-हलका फरक तो आपणच सांभाळतो, आणि घासणारं काही नसल्याने झिजही कमी. महाग आहे, हे खरं.

आणि पाचवी पद्धत, जी आपल्याकडे मला सगळ्यात जास्त दिसते. तारेवर एक लाकडी किंवा रबरी ठोकळा, त्याला दोर, दोर पुलीवरून खाली, आणि दोराच्या टोकाला आपल्या वाडीतला एक पोरगा. माणूस येऊन ठोकळ्याला धडकतो, पोरगा दोर धरून मागे रेटतो.

अशाच एका पोराशी मी बोललो. ठिकाण सांगत नाही, कारण प्रश्न एका ठिकाणाचा नाही. विशीच्या आतबाहेरचा, वजन असेल पंचावन्न किलो. तळहाताला दोराचे चट्टे. मोजे दिलेत का विचारलं, तर म्हणाला, "फाटलं की परत मिळाया येळ लागतो, काका." मग सांगितलं, "हलका माणूस असला तर एकट्यानं भागतं. जाडा असला की वरनं आरोळी येती, मग आम्ही दोघं धरतो." मी विचारलं, आरोळी ऐकूच आली नाही तर? शेजारी रेन डान्सचा डीजे दणदणत होता. तो नुसता हसला.

वरचा हिशेब इथे लावून बघा. शंभर किलोचा माणूस ताशी ४० ने आला आणि सहा मीटरात थांबवायचा, तर ओढ येते शंभर किलोच्या थोडी वर. पोराचं स्वतःचं वजन पंचावन्न. अंतर तीन मीटरच असेल तर ओढ दुप्पट. दोघांनी धरलं तरी पुरत नाही. त्याचा पाय चिखलात घसरला, त्याचं लक्ष फोनकडे गेलं, तो पाणी प्यायला वळला, की ब्रेक संपला.

माझ्या धंद्यात ब्रेकची पहिली अट वेगळी आहे. लिफ्टच्या मशीनचा ब्रेक वीज असताना उघडतो आणि वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने आपोआप मिटतो. म्हणजे काही बिघडलं की लिफ्ट थांबते. त्याच्यावर आणखी एक, गव्हर्नर. वेग मर्यादेबाहेर गेला की तो सेफ्टी गिअर ओढतो आणि लिफ्ट रुळाला आवळून धरते. आणि एवढं करून खाली पिटमध्ये बफर असतात ते वेगळेच. एलिशा ओटिस या माणसाने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभं राहून वरचा दोर तोडायला लावला होता, आणि पाळणा जागच्या जागी अडकला. तेव्हापासून लोकांचा लिफ्टवर विश्वास बसला. कोणीही काही न करता लागतो तो ब्रेक. कोणीतरी वेळेवर काहीतरी केलं तरच लागतो, त्याला फार तर भरवसा म्हणता येईल.

झिपलाईनच्या बाबतीतही जगात हेच मानलं जातं. अमेरिकेतल्या या क्षेत्राच्या मानकांत मुख्य ब्रेक आणि आपत्कालीन ब्रेक असे दोन वेगळे धरलेले आहेत. मुख्य ब्रेक चुकल्यावर माणसाला इजा होणार असेल तर दुसरा हवाच, आणि तो लटकलेल्या माणसाने काहीही न करता लागला पाहिजे. युरोपात अशा दोरखेळांसाठी ईएन १५५६७ हे मानक आहे. डोंगरात आम्ही व्हॅली क्रॉसिंग करतो तेव्हाही माणसाच्या मागे बिलेचा वेगळा दोर असतो, तो हळूहळू सोडत त्याचा वेग ताब्यात ठेवतो. तिथे माणसं मोजकी असतात, घाई नसते. रिसॉर्टवर मात्र दिवसभर एकामागून एक माणूस सुटत असतो.

आणि घाईचाही ब्रेकशी संबंध आहे. २०१८ मध्ये होंडुरासच्या रोआतान बेटावर हनिमूनला आलेली बायको तारेवर मध्येच अडकली होती. मागून नवरा येऊन तिच्यावर आदळला. तो गेला, ती जबर जखमी झाली. पुढचा माणूस उतरून तार मोकळी झाली, हे खालून पक्कं कळल्याशिवाय वरून सोडायचंच नाही, हा साधा नियम आहे. एक वॉकीटॉकीची जोडी आणि 'तार मोकळी' हे दोन शब्द. त्याला डीजेच्या वरताण आरोळी हा पर्याय नाही.

आपल्याकडचंही विसरू नका. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या भोर तालुक्यात झिपलाईनच्या ठिकाणी उंचावरून पडून एका तरुणीचा जीव गेला. त्याच वर्षी जूनमध्ये नागपूरची एक मुलगी मनालीत झिपलाईनवरून खाली पडून गंभीर जखमी झाली. या दोन्ही घटना ब्रेकच्या नव्हत्या. पण दोन्हींनी एक दाखवलं, की तिकीट काढणाऱ्याला समोरची व्यवस्था तपासायचं काही साधन नसतं.

कायदा नाही असं नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झिपलाईन आहे. आपल्या राज्याने २४ ऑगस्ट २०२१ ला साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पण इमारतीतल्या लिफ्टला २०१७ चा राज्याचा कायदा आहे, लायसन्स आहे, इन्स्पेक्टर आहे. गावातल्या तारेखाली मात्र कोण येऊन बघतो? आणि काही झालंच, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मालकावर लागेल तेव्हा लागेल. पण 'दोर कोणाच्या हातात होता?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जाईल आणि उत्तर आपल्या वाडीतला पोरगा असेल. रोजंदारीवरचा, विमा नसलेला, कुठल्याही कागदावर नाव नसलेला. ज्याला आपण ब्रेक म्हणून उभं केलं, तोच मग आरोपी. 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं पाहुण्याकडून लिहून घेतलेला फॉर्म त्याला वाचवणार नाही, आणि मालकालाही नाही.

म्हणून आधी पाहुण्यांना सांगणं. तिकीट काढण्याआधी उतरायच्या टोकाला चालत जा आणि चार गोष्टी बघा.

१. माझ्या हातात काही न देता मी थांबतो का? 'तुम्हीच मोज्याने ब्रेक मारा' म्हणत असतील आणि आधी खाली सराव करून घेत नसतील, तर परत फिरा.

२. पहिला ब्रेक चुकला तर दुसरा कोणता, हे बोट दाखवून सांगतात का?

३. वजन विचारतात का? कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजनाची पाटी आहे का?

४. खालून निरोप आल्याशिवाय वरून माणूस सोडतात का? पाच मिनिटं उभं राहून बघा, कळतं.

मालकांना सांगणं. तुमच्यातले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत. नोंदणी करून घ्या. शेवटच्या टोकाला स्प्रिंगचा दुसरा ब्रेक बसवा, तारेची आणि ब्रेकची रोज सकाळी तपासणी करून वहीत लिहा, सही करा. आधी वाळूची पोती सोडून बघा, वेगवेगळ्या वजनाची. आणि दोरावरच्या पोराला प्रशिक्षण, मोजे, विमा आणि 'आता सोडू नका' म्हणायचा अधिकार द्या. वारा सुटला, पाऊस आला आणि त्याने नको म्हटलं, तर ती तार बंद. त्यावर मॅनेजरने वाद घालायचा नाही.

आणि आपल्याला, गावाला. पुढच्या ग्रामसभेत हा एकच विषय लावा: आपल्या हद्दीत झिपलाईन किती, नोंदणी किती जणांची, आणि तिथे काम करणाऱ्या पोरांचा विमा आहे का. तीन प्रश्न आहेत, उत्तरं लेखी मागा. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक तिथे असतात, उत्तर टाळणं सोपं जात नाही.

तुमचा मुलगा, भाऊ, भाचा अशा कामावर असेल तर आज रात्री जेवताना त्याला विचारा, तू तिथे नेमकं काय करतोस? 'दोर धरतो' म्हणाला, तर ही पोस्ट त्याला वाचून दाखवा आणि त्याच्या मालकालाही पाठवा.