पोटातली चिठ्ठी

गिटार बनवणारी दोन माणसं भेटली की तबली किती पातळ करावी, आतल्या पट्ट्या पंख्याच्या मांडणीत लावाव्यात की जाळीच्या, यावर रात्र निघते. लेबलाचा विषय निघालाच तर ‘ते काय, शेवटी छापून आणायचं’ एवढ्यावर संपतो. माझं मत उलटं आहे. तबलीची जाडी मी दर गिटारीला बदलते, हातातलं लाकूड सांगेल तशी. लेबल एकदा ठरलं की वर्षानुवर्षं तेच जाणार आणि त्यावर जे छापलंय त्याला मी बांधलेली राहणार. (तबली हा शब्द मिरजेच्या सतारकामातला. ‘टॉप’ म्हटलं की माझ्याबरोबर काम करणाऱ्या मिस्त्रींच्या कपाळावर आठी येते, म्हणून उचलला.)

वस्तू तशी एवढीशी. क्लासिकल गिटारच्या साउंडहोलचा व्यास साधारण ८५ मिलिमीटर असतो. त्याच्या बरोबर खाली, पाठीच्या आतल्या अंगाला, जेमतेम त्या भोकाएवढा कागद चिकटवायचा. तबली बसवून पेटी बंद करण्याआधीच हे उरकलेलं बरं. नंतर भोकातून हात जातो, पण खळ लावलेला ओला कागद बोटांच्या टोकावर धरून सरळ बसवणं हा एक छळ असतो.

ही चिठ्ठी कोणासाठी? गिऱ्हाइकासाठी नक्कीच नाही. माझं गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन लाकूड ठोकून पाहतं, चहा पितं, सहा-आठ महिने वाट पाहतं. ती गिटार माझी आहे हे त्याला कागदावर वाचायची गरज नाही. चिठ्ठी आहे ती पन्नास-साठ वर्षांनी ती गिटार टेबलावर उताणी ठेवून, आत आरसा आणि दिवा सोडून बघणाऱ्या दुरुस्तीवाल्यासाठी. त्याला माझं कौतुक नको असतं. सांधा सरसाने जोडलाय की आणखी कशाने, हे त्याला हवं असतं, कारण सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. वर लाखेचं पॉलिश आहे का, हे हवं असतं, कारण असेल तर नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानेही ते विरघळेल. म्हणून माझ्या लेबलावर घोषवाक्य नाही, वेलबुट्टी नाही, ‘हाताने बनवलेली’ हेही नाही. पट्ट्या मी बँडसॉवरच कापते. नाव, गाव, साल, क्रमांक, आणि खाली बारीक ओळीत लाकूड, सरस, लाख.

लाकडाची ओळ पूर्वी हौस वाटायची, आता ती कामाची झाली आहे. ब्राझीलची शिसव १९९२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळपास बंदच झाली. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने त्याआधीच, १९६९ मध्ये, आपली भारतीय शिसव धरली होती. पुढे २०१७ साली त्या वंशातली बाकीची झाडंही नियंत्रणाच्या यादीत गेली आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये. आपली गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्याला विमानतळावर कोणी हटकलं, तर आत झाडाचं शास्त्रीय नाव लिहिलेलं असलेलं बरं.

गाव लिहिणं सोपं वाटतं, पण तिथेही लोक घसरले आहेत. सी. एफ. मार्टिन यांनी १८३९ च्या सुमारास न्यूयॉर्क सोडून पेनसिल्व्हेनियातलं नाझरेथ गाठलं. गिटारींवर ‘न्यूयॉर्क’ हा शिक्का मात्र १८९८ पर्यंत पडत राहिला. विक्री तिथून व्हायची, शहराचं वजन होतं. याच १८९८ पासून त्यांनी क्रमांक घालायला सुरुवात केली आणि तीही एकपासून नाही, आठ हजारांच्या पुढून. तोवर अंदाजे तितकी वाद्यं झाली असावीत या हिशेबाने. मला हा दुसरा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो. स्पेनचे आंतोनियो दे तोर्रेस यांनी तर मधली काही वर्षं गिटार सोडून आल्मेरियात चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालवलं. १८७५ च्या सुमारास परत वाद्यांकडे वळल्यावर त्यांनी लेबलावर ‘दुसरा कालखंड’ असं छापलं आणि वाद्यांना क्रमांक दिले. ज्याच्या मापांवरून आजची अख्खी क्लासिकल गिटार उभी आहे, तो माणूस स्वतःच्या आयुष्यातला खंड वाद्याच्या पोटात लिहून ठेवतो. आज अभ्यासक त्यांची वाद्यं याच दोन कालखंडांनी ओळखतात.

अक्षरांनी माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. लेबल टेबलावर ठेवून सुंदर दिसलं म्हणजे काहीच झालं नाही. ते वाचलं जातं विहिरीत वाकून पाहावं तसं: दहाएक सेंटिमीटर खोल, वरून येणारा उजेड बघणाऱ्याच्या डोक्याने अडवलेला आणि मध्ये सहा तारा. गिटार उभी धरली की तारा उभ्या आणि लेबलाच्या ओळी आडव्या. रोमन अक्षरांचं यात फारसं बिघडत नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक काना, प्रत्येक दंड तारेला समांतर उभा राहतो. तारा साधारण सेंटिमीटरभर अंतरावर असतात. नावातले दोन काने दुर्दैवाने तेवढ्याच अंतरावर आले, तर दोन्ही तारांमागे जातात आणि ‘राम’चा ‘रम’ होतो. मान जराशी हलवली की काना पुन्हा दिसतो, हे खरं, पण नाव वाचायला मान हलवावी लागणं मला पटेना. मग अक्षरं थोडी रुंद केली, दंड जाड केले आणि अक्षरांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलं. शिरोरेषेने मात्र साथ दिली. ती सहाही तारा आडवी ओलांडते, त्यामुळे मध्ये काही झाकलं तरी नजर तुटत नाही.

बोरूच्या वळणाचा मोह मला होता. त्यातली बारीक रेघ कागदावर फार देखणी, पण त्या अंधारात ती पहिली नाहीशी होते. निर्णयसागर छापखान्याचे जुने खिळे मिळाले तर त्यांत नाव जुळवावं, हाही विचार करून झाला. पण खिळ्यांची अक्षरं पुस्तकाच्या पानासाठी घडलेली. तिथे ती शेकड्याने एकत्र येऊन एकमेकांना सावरतात. इथे सात-आठ अक्षरांनी एकटं उभं राहायचं होतं. यात मला कोणाचा उपयोग झाला असेल तर कमल शेडग्यांचा. त्यांनी नाटकांच्या नावांची जी अक्षरं केली ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या गर्दीत, गचाळ छपाईत, चालत्या लोकलमध्येही ओळखू यायची. तसं काही मला जमणारं नव्हतं. मात्र अक्षर कुठल्या परिस्थितीत वाचलं जाणार हे आधी बघायचं, एवढं त्यांच्या कामाकडे पाहून कळलं. शेवटी नाव मी हातानेच रेखाटलं, त्याचा झिंकचा ब्लॉक करून घेतला आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ट्रेडलवर छापून आणलं. खाली लहान रोमनमध्ये नाव, गाव आणि लाकडाची ओळ. तो दुरुस्तीवाला लिस्बनचा असला तर त्याने काय करावं? सालही म्हणूनच इंग्रजी आकड्यांत. त्यातले पहिले दोन आकडे छापलेले, पुढचे दोन शाईने भरायचे. व्हायोलिनकार स्ट्रॅडिव्हॅरीच्या लेबलांवरही सालाचा काही भाग छापलेला आणि बाकीचा हाताने भरलेला असे.

आणि साल म्हणजे कुठलं साल? पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी तबली चिकटवत नाही. दमट हवेत फुगलेलं लाकूड जोडलं की जानेवारीत ते आक्रसून चिरतं. त्यामुळे दिवाळीनंतर धरलेली गिटार पुष्कळदा नव्या वर्षातच पुरी होते. मी पेटी बंद केल्याचं साल लिहिते. तारा चढवल्याचं लिहिणारेही आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांचा. लाकडाच्या लगद्याचा कागद काही वर्षांत पिवळा पडून कडकडीत होतो. शिवाय कारखान्यातल्या कागदाचे तंतू एकाच दिशेने पडलेले असतात, ओला केला की तो एकाच बाजूला ताणतो आणि वाळताना कडा उचलतो. हातकागदाला ही खोड फार कमी. चिकटवायला गव्हाची खळ, पातळ, जेमतेम लागेल तेवढी. पाठ अडीच मिलिमीटरची असते, तिच्यावर भरमसाट ओल घालायची नाही. खळीला कसर लागते हे घरात जुनी पुस्तकं असलेल्या कोणालाही सांगायला नको. आमच्या बाइंडरांचा उपाय मोरचूद. मी लवंगेचं तेल घालते, मोरचूद नाही; गिटारच्या भोकाशी लहान मुलं तोंड नेऊन ओरडतात, हे मी पाहिलंय.

इतकं करूनही कागद हा कागदच. वाफ दिली की निघतो आणि दुसऱ्या पेटीत जाऊन बसतो. स्ट्रॅडिव्हॅरीचं नाव पोटात घेऊन फिरणारी कारखान्यातली व्हायोलिनं जगात किती असतील, गणती नाही. त्यांतल्या काहींवर खाली ‘मेड इन जर्मनी’ असंही छापलेलं असतं, कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं. त्या एका ओळीमुळेच आज ती व्हायोलिनं ओळखता येतात. म्हणून मी मानेच्या ठोकळ्यावर आतून पितळी ठसा तापवून डाग देते, आणि तबलीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने तारीख, तबलीची जाडी आणि त्या दिवशीची हवेतली आर्द्रता लिहिते. पेन्सिलीचं ग्रॅफाइट उडत नाही. तिथलं लिहिलेलं पुसायला किंवा बदलायला गिटारच उघडावी लागेल.

राहिला प्रश्न नावाचा. आंद्रेस सेगोव्हियाने पुढे जगभर वाजवलेली १९१२ ची गिटार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्यावर नाव आहे माद्रिदच्या मान्वेल रामिरेस यांचं. ती प्रत्यक्षात त्यांच्याकडे काम करणाऱ्या सांतोस एर्नांदेसच्या हातची, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पुढे त्याच घराण्याच्या कारखान्यात गिटार करणाऱ्या कारागिराची अक्षरं आत ठोकळ्यावर उमटवण्याची रीत होती. भोकातून सहज दिसणार नाहीत, शोधणाऱ्याला सापडतील अशी. मिरजेत हा गुंता वेगळ्या तऱ्हेने सुटला: धंदाच आडनाव झाला, सतारमेकर, आणि मालक-कारागीर एकाच घरात राहिले. तिथल्या सतार-तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे गावच लेबल झालं.

माझ्याकडे पाठीच्या पट्ट्या, बाजू वाकवणं, मानेचा सांधा हे निम्म्याहून जास्त काम मिस्त्री करतात. फर्निचरमधून आलेला माणूस, पण शिसवीचा फलक तापल्या नळीवर असा वळवतात की मी बघत राहते. नव्या लेबलावर त्यांचं नाव घालायचं मी ठरवलं आणि त्यांना सांगितलं.

“नको ताई,” ते म्हणाले. “उद्या पाठ चिरली तर लोक मला विचारतील.”

“मग मलाही विचारतीलच ना?”

“तुम्हाला सवय आहे.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तडजोड अशी झाली की लेबलावर ‘सहकारी’ म्हणून एक रिकामी रेघ छापली आणि ती भरायची की नाही हे त्यांच्यावर सोडलं. पहिल्या गिटारीला त्यांनी ती कोरीच सोडली. पेटी बंद करायच्या आधी बघते, तर पाठीच्या खालच्या पट्टीवर सुतारी पेन्सिलीने त्यांची आद्याक्षरं, त्यापुढे तारीख आणि ‘पट्टी घट्ट बसली’ असा शेरा. आता तो शेरा प्रत्येक गिटारीत असतो. कधी ‘बसली’, कधी ‘दुसऱ्यांदा बसवली’.

मध्यंतरी उरल्यासुरल्या शिसवीतून त्यांनी नातीसाठी एक उकुलेले केली. लेबलाचं विचारलं तर हसले, म्हणाले, घरातल्या वस्तूला कसलं लेबल? चार दिवसांनी मात्र हळूच विचारलं, “तो ब्लॉकवाला एका नावाचे किती घेतो हो?” मी पैसे सांगितले आणि त्याचा नंबर दिला. अजून छपाईला काही गेलेलं नाही. नाव आधी की आडनाव, हे नातीने ठरवून टाकलंय. गाव कुठलं घालायचं यावर घोडं अडलंय: जिथे सुतारकी शिकले ते, की जिथे उकुलेले झाली ते कोथरूड. मी मार्टिनची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर आता ते दोन्ही गावं घालायचं म्हणताहेत आणि उकुलेलेच्या भोकात एवढं मावणार कसं, हे मला मोजून द्यायला सांगितलंय.