आंत गेलें किती?

औषध शोधून काढणें कठीण, हें सर्वच जाणतात. परंतु शोधलेलें औषध योग्य ठिकाणीं नेऊन पोंचविणें कित्येकदां त्याहूनहि कठीण असतें, ही गोष्ट आमच्यासारख्या सामान्य माणसांच्या फारशी ध्यानांत येत नाहीं. गोळी गिळली कीं आपलें काम संपलें, पुढचें तिचें ती पाहून घेईल, अशी आपली समजूत. वस्तुतः पोटांत गेलेल्या औषधाचा कांहीं भाग यकृत मोडून टाकतें, कांहीं मूत्रावाटें निघून जातो, कांहीं नको त्या अवयवांत उतरून तेथें उपद्रव करतो. आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहारा तर इतका कडक कीं बहुतेक औषधें वेशीवरूनच परत फिरतात. तेव्हां औषधाइतकाच त्याच्या वाहनाचाहि विचार करणें प्राप्त होतें. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्या एका वाहनाकडे शास्त्रज्ञांचे डोळे लागले आहेत, त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

या वाहनाचें नांव एक्झोसोम. आपल्या शरीरांतील पेशी आपल्या अंगांतून अतिसूक्ष्म कुप्या सतत बाहेर सोडीत असतात. त्यांचा व्यास सुमारें ३० ते १५० नॅनोमीटर. म्हणजे मिलिमीटरभर लांबींत मोठ्यांतल्या मोठ्या कुप्याहि साडेसहा हजारांवर बसतील. १९८३ सालीं माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठांत रोझ जॉनस्टन यांच्या, आणि सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत फिलिप स्टाल यांच्या मंडळींनीं, अपक्व तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करतांना या कुप्या पाहिल्या. पेशी पक्व होऊं लागली कीं लोह आंत ओढून घेणारें प्रथिन तिला नकोसें होतें. तें ती या कुप्यांत बांधून बाहेर टाकते. त्यामुळें पुष्कळ वर्षें या कुप्यांना केराच्या टोपलीचाच मान होता. २००७ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें यान लोट्वाल यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं या कुप्यांतून आर.एन.ए.चे रेणू एका पेशींतून दुसरींत जातात व तेथें कामास लागतात. केर म्हणून जें फेंकलें जातें असें वाटत होतें, तें टपालहि निघालें.

टपाल जर पोंचत असेल, तर त्याच थैलींत आपलें औषधहि घालून पाठवावें, ही कल्पना सुचणें स्वाभाविक होतें. कुप्या शरीराच्याच घडणीच्या, त्यांचें वेष्टन पेशीच्या वेष्टनासारखेंच स्निग्ध द्रव्याचें. त्यामुळें कृत्रिम वाहनांपेक्षां शरीर त्यांना कमी परकें मानील अशी अपेक्षा. अडचण एवढीच कीं, कुपी बाहेर येते ती तोंड मिटूनच. आमच्या गृहिणी-वाचकांना ही अडचण एका शब्दांत समजेल. करंजींत सारण भरावयाचें तें तिची कड मुरडण्यापूर्वीं. तळून झालेल्या करंजींत तें भरून दाखवा म्हटलें तर सुगरणहि हात टेकील. एक्झोसोम भरण्याच्या साऱ्या रीती या दोनच वर्गांत पडतात: कड मिटण्यापूर्वींच्या आणि मिटल्यानंतरच्या.

पहिल्या वर्गांत काम पेशीवरच सोंपवितात. तिला औषध पाजावें, किंवा तिच्या जनुकांत फेरफार करून हवें तें प्रथिन तिच्याकडूनच घडवावें. म्हणजे ती जी कुपी सोडील, तींत कांहीं अंश येईल. यांत कुपी अखंड राहते. पण सारण किती घालावें हें पेशीच्या मर्जीवर, आणि कर्करोगावरील जहाल औषध पाजलें तर पेशीच दगावण्याचें भय.

दुसऱ्या वर्गांत सर्वांत सौम्य रीत म्हणजे नुसतें एकत्र मिसळून ठेवणें. २०१० सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं हळदींतील कर्क्युमिन या द्रव्यावर तिचा प्रयोग प्रसिद्ध केला. हळदीचा रंग पाण्यापेक्षां तेलांत चांगला उतरतो, हें फोडणी करणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे. त्याच न्यायानें कर्क्युमिन कुपीच्या स्निग्ध वेष्टनांत सहज शिरतें. परंतु पाण्यांत विरघळणाऱ्या मोठ्या रेणूंना हें दार उघडत नाहीं, आणि मग बळाचा प्रयोग येतो. कोणी विजेचे क्षणिक झटके देऊन वेष्टनास छिद्रें पाडतात. कोणी ध्वनिलहरींनीं तें हादरवितात. कोणी गोठवून पुन्हां वितळवितात. कोणी सोऱ्यांतून पीठ दाबावें तशा कुप्या सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबून काढतात. तर कोणी सॅपोनिन, म्हणजे रिठ्याला फेस आणणाऱ्या द्रव्यांच्या जातीचा पदार्थ, लावून वेष्टन सैल करतात. २०१६ सालीं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांतील मंडळींनीं कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हें औषध तीन रीतींनीं भरून पाहिलें. नुसतें मिसळून शेंकडा सुमारें १.४, विजेनें ५.३, आणि ध्वनिलहरींनीं २८ इतकी भरती झाली.

हे आंकडे वाचून कोणालाहि वाटेल कीं आतां प्रश्न सुटला. जी रीत अधिक भरते ती घ्यावी. पण ज्या वेष्टनाच्या गुणांसाठीं ही कुपी निवडली, तेंच प्रत्येक धक्क्यानें दुखावण्याचा संभव असतो. कुपी फुटेल, दोन कुप्या एकमेकींस चिकटतील, किंवा पृष्ठावरील ज्या प्रथिनांमुळें तिला वाट सांपडते, तींच बिघडतील. भरती वाढवावी तर वाहन मोडतें, वाहन जपावें तर तें रिकामें जातें. सारी विद्या या दोहोंमधला मार्ग काढण्याची आहे.

याहूनहि बारीक प्रश्न निराळाच आहे. आंत गेलें असें ज्यास म्हणतों, तें खरोखर आंत गेलें काय? २०११ सालीं ऑक्सफर्ड येथील मॅथ्यू वुड यांच्या मंडळींनीं एक प्रसिद्ध प्रयोग केला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचा विषाणु मज्जातंतूंची वाट अचूक जाणतो. त्याच्या प्रथिनाचा एक लहान तुकडा त्यांनीं पेशीकडूनच कुपीच्या पृष्ठावर बसवून घेतला. पत्ता असा आधींच लिहिला गेला. मग विजेच्या झटक्यांनीं आंत आर.एन.ए.चे तुकडे भरले. उंदरांना त्या कुप्या टोंचल्यावर, अल्झायमर रोगाशीं संबंध असलेलें एक प्रथिन त्यांच्या मेंदूंत शेंकडा साठांच्या आसपास उतरलें. पुढें २०१३ सालीं हॉलंडमधील उट्रेख्ट येथील संशोधकांनीं एक साधी कसोटी लावली: मिश्रणांत कुप्या घातल्याच नाहींत, आणि झटके दिले. तरीहि आर.एन.ए. भरल्यासारखें दिसलें! विद्युदग्रांतून सुटलेल्या धातूच्या अंशांनीं सांका बनून आर.एन.ए. त्यांत अडकत होतें, आणि हिशेबांत तेंच 'आंत गेलें' म्हणून धरलें जाण्याचा धोका होता. सांका टाळल्यावर भरती फारच थोडी उरली. ऑक्सफर्डच्या उंदरांत दिसलेला परिणाम यामुळें खोटा ठरत नाहीं. परंतु या रीतीच्या भरतीचे हिशेब मात्र पुन्हां तपासणें भाग पडलें. रिकाम्या भांड्याशीं ताडून पाहण्याची ही बुद्धि आम्हांस भरतीच्या कोणत्याहि मोठ्या आंकड्यापेक्षां मोलाची वाटते.

ही केवळ प्रयोगशाळेंतील शिस्त नव्हे. आमच्या एका स्नेह्यांना कंपवात जडून बरींच वर्षें झालीं आहेत. त्यांच्या पत्नीनें मध्यंतरीं एका चिकित्सालयाचें गुळगुळीत पत्रक आमच्या हातीं दिलें. "भावजी, या कुप्या थेट मेंदूंत जातात म्हणे. पाटल्या मोडल्या तर दोन वेळांचें इंजेक्शन होईल. तुम्ही वाचतां एवढें. सांगा, करूं का?" आम्ही म्हणालों, "वहिनी, २०१५ सालीं कॅटॅलेज नांवाचें प्रथिन अशा कुप्यांत भरून नाकावाटें दिल्यानें कंपवाताच्या उंदरांना गुण आला, हें खरें. पण ते उंदीर होते. आणि या पत्रकांत कुपींत काय भरलें, किती भरलें, हें कोठें लिहिलें आहे, तें दाखवा बरें." त्यांनीं पत्रक दोन्ही बाजूंनीं वाचलें. "लिहिलेलें नाहीं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानें, "म्हणजे रिकाम्या कुपीचे पैसे मागतात कीं काय?" अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें डिसेंबर २०१९ मध्यें अशाच अमान्य एक्झोसोम उपचारांविरुद्ध लोकांस सावध केलें होतें, कारण नेब्रास्का राज्यांत त्यांपासून रुग्णांस गंभीर अपाय झाला होता, हेंहि आम्हीं त्यांस सांगितलें. पाटल्या हातांत राहिल्या. पण आशा धरून आलेल्या माणसास असें उत्तर देणें सुखाचें नसतें, आणि त्या दिवशीं तें आम्हांस फार जड गेलें.

तथापि, आज नाहीं याचा अर्थ कधींच नाहीं असा कोणीं घेऊं नये. १९८३ पासून २००७ पर्यंतचीं चोवीस वर्षें केराचें टपाल होण्यांत गेलीं. टपालाचें औषध होण्यासहि आपला वेळ लागणारच. तोंवर वाचकांनीं एक संवय जरूर लावून घ्यावी. या उपचाराची वार्ता कोठें वाचली, तर कुपी किती सूक्ष्म आहे आणि किती दूर जाते, यानें दिपून न जातां प्रथम विचारावें: आंत गेलें किती, आणि तें कोणीं, कशाशीं ताडून मोजलें?