पार्श्वभूमी

युरेनियमच्या शोधात विमानातून जे मोजले जाते ते युरेनियम नव्हेच, हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात समजले तेव्हा मला किंचित फसवले गेल्यासारखे वाटले होते. युरेनियमचे स्वतःचे गॅमा किरण फार क्षीण. आकाशातून ओळखू येतो तो त्याच्या नवव्या पिढीतला वंशज, बिस्मथ-२१४, त्याच्या १.७६ एमईव्ही ऊर्जेच्या किरणांवरून मूळ पुरुषाचा अंदाज बांधायचा. वंशावळीत मधेच रेडॉन हा वायू येतो आणि तो घर सोडून भटकतो. म्हणून नकाशावर प्रामाणिकपणे 'तुल्य युरेनियम' असे लिहितात. मला हा शब्द आवडतो.

आईची मात्र समजूत अशी, की माझे यंत्र जमिनीच्या पोटातले सारे पाहते. वास्तविक ते पाहते वरचा जेमतेम हातभर थर. सोडियम आयोडाइडचे जड स्फटिक घेऊन विमान शंभरेक मीटरवरून समांतर रेषांत उडते, बस्स. त्यातही आपला दख्खनचा बेसाल्ट अगदी निर्धन. ग्रॅनाइटमध्ये दशलक्षात सरासरी ३-४ भाग युरेनियम असते, याच्यात सहसा एकही नाही. भीमेच्याच खोऱ्यात, पण खाली कर्नाटकात गोगीला, चुनखडकात आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये ते सापडले.

एका मोसमात पार्श्वभूमी मोजण्यासाठी आम्ही उजनीच्या जलाशयावरून उडालो. पाण्याचा मीटरभर थरही जमिनीचे जवळजवळ सारे किरण अडवतो. मग उरतात ते अंतराळातून येणारे, विमानाच्या धातूतले आणि हवेतल्या रेडॉनचे. धरण १९८० साली पूर्ण झाले. आमचे गाव त्याच पाण्याखाली आहे. गाव सुटले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. कडक उन्हाळ्यात देवळाचा कळस वर येतो म्हणतात. त्या दिवशी पाणी भरपूर होते. पडद्यावरची रेघ खाली आली आणि सपाट झाली. शेजारी बसलेला सहकारी समाधानाने म्हणाला, "झकास, काहीही नाही." ते तसेच असायला हवे होते.

पुढचे कित्येक दिवस मी ते आकडे उरलेल्या प्रत्येक नोंदीतून वजा करत होतो. पद्धतच तशी आहे.

घरी गेल्यावर आईने विचारले, "आपल्या गावावरून गेलास म्हणे. काय दिसलं रे?"

मी तिला पार्श्वभूमी म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले, आणि मग विचारले, "पण चिंचेपाशी तरी काही लागलं असेल ना?"