पंचेचाळीस दिवस

रंगून तेलाचा वास ओळखणारी माणसं आता थोडीच उरली असतील. शिकाऱ्यांच्या घरी तो असायचा, जुन्या फौजदारांच्या घरी असायचा, आणि आमच्या घरी तो आईच्या पैठणीला यायचा. लोखंडी कपाटाच्या एकाच कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या पलीकडे, बाबांच्या जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली आमची वेब्ली असे, त्यामुळे लग्नकार्याला आई पैठणी नेसून माजघरातून बाहेर आली की सोनचाफ्याच्या वासाखालून एक तेलकट, थंड, लोखंडी वास हळूच वर यायचा, आणि कितीतरी वर्षं मला तो आईचाच वास वाटत आला. आता कपाटात नुसत्या डांबरगोळ्या आहेत.

वेब्ली म्हणजे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं पॉइंट बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. आजोबांनी ते स्वातंत्र्याच्या आधी मुंबईहून आणलं. अंगावर पंख लावलेल्या गोळीची एक चिमुकली खूण कोरलेली, तीन पिढ्यांच्या अंगठ्यांनी झिजत झिजत गेलेली, इतकी की शेवटी शेवटी ती दिसत कमी आणि बोटाला लागत जास्त. घोड्याशेजारची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकायची, चक्रीच्या पोटातून पोलादी चांदणी वर उचलली जायची आणि सहाही काडतुसं एकदम बाहेर. मग नळी परत मिटताना आवाज यायचा, अडकित्त्याने रोठा सुपारी कातरावी तसा, कोरडा, पक्का, एकदाच. पडवीत झोपाळ्यावर डोळे मिटून पडलेलो असलो तरी त्या आवाजाने कळायचं, आज रविवार, बाबा साफसफाईला बसलेत.

त्या साफसफाईचं काय सांगू तुम्हाला! आधी काडतुसं काढून, मोजून, डब्यात. डबा वेगळ्या कपाटात, किल्ली आईकडे. मग चटईवर वर्तमानपत्र, त्यावर पितळी गज, सुती चिंध्या, तेलाची बाटली. बाबा एरवी भडक डोक्याचे. गड्यांवर ओरडतील, माकडांवर ओरडतील, जेवताना मीठ कमी पडलं तर आमटीवरसुद्धा ओरडतील. पण हे फडकं उलगडलं की त्यांचा आवाज खाली यायचा, हात हलके व्हायचे, आणि आम्ही मुलं न सांगता दाराकडे पाठ करून, नळीच्या रेषेत न येता, त्यांच्या डाव्या बाजूला बसायचो. रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही, हे आम्हाला कुणी पाठ करून घेतलं नाही. बघून बघूनच ते अंगात मुरलं. घरातल्या सगळ्यात घातक वस्तूपाशी सगळ्यांचे हात सगळ्यात मऊ होत, आणि तिच्याबरोबर आमच्या घरातून गेलं ते हेच, असं मला आता वाटतं.

कोकणातला पावसाळा लोखंडाचा वैरी. चार महिने विळे-कोयते गंजतात, तिथे वेब्लीच्या निळसर काळ्या अंगाची काय कथा. म्हणून मृग लागला की बाबा तिला चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढून ठेवत, कारण चामडं ओल धरतं. मग खंडेनवमीला, सर्दावलेली हवा जरा हटली की, ती पाटावर यायची. पाटावर कोयते, विळे, पारय, आजोबांची ठासणीची बंदूक, दुनळी बाराबोअर आणि मध्ये ही. आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाली की बाबा कासावीस. ओलं कुंकू लोखंडाला लागू नये म्हणून ते तिचं बोट अलगद धरून चामड्याच्या कव्हराकडे वळवत आणि म्हणत, “हिचं कुंकू इथे.” झेंडूची एक पाकळी मात्र खिट्टीत अडकून राहायचीच, आणि पुढच्या रविवारी सुकलेली सापडायची.

आवाज तिचा मी फारसा ऐकला नाही. रानडुकरं भाताच्या लोंब्यांत शिरायची तेव्हा बाराबोअर हवेत वाजायची. वेब्ली बाहेर पडायची ती कोल्हापूरच्या एका रेंजवर जाण्यापुरती. काडतुसं मात्र आपल्याकडचीच, १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या कारखान्यातली, बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं ठोकलेली. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून बाबा खिशात घालायचे, हिशेबाला लागतात म्हणून, आणि परतीच्या एसटीत घाट उतरताना त्यांच्या खिशातून बारीक किणकिण येत राहायची. जळलेल्या दारूचा तो आंबूस वास माझ्या शर्टाला यावा म्हणून मी मुद्दाम त्यांना चिकटून बसायचो.

निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात जमा करावी लागायची. बाबा पावती घेऊन येत, घडी करून पंचांगात ठेवत, आणि निकाल लागेपर्यंत तो कप्पा रिकामा. त्या दिवसांत आई उगाच एखादी साडी तिथे सरकवून ठेवायची. पण पावती होती, म्हणजे परत येणं होतं.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका परवानाधारकाला तीन हत्यारं चालत, ती दोन झाली. जास्तीचं वर्षभरात जमा करायचं किंवा द्यायचं. बाबा गेल्यावर तिन्ही माझ्या नावावर आली होती. शेतीला बाराबोअर लागते, ठासणीच्या बंदुकीला कोण विचारतो. आणि वेब्लीला मागणी फार, कारण ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून अशी जुनी विलायती हत्यारं दुर्मीळच. मुलगी परदेशात, तिच्या नावे परवाना निघणं शक्य नव्हतं. असं सगळं जुळून आलं.

परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला हत्यार विकायचं तर आधी लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. कायद्याने ही मुदत तपासासाठी ठेवली असेल, पण मला ती निरोपासाठी मिळाली. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी फडकं उलगडायचो. तेलाची गरज नसायची तरी लावायचो. मुठीच्या काळ्या पट्ट्यांवरची नक्षी एका बाजूला जास्त गुळगुळीत झाली होती, बाबांच्या तळव्याची बाजू ती. तिथे माझा तळवा नीट बसायचा नाही, बोटभर जागा उरायची. चक्री हलकेच फिरवली की मोजून टिकटिक व्हायची, आणि आई आतून विचारायची, “झालं का रे तुझं?”

विकत घेणारे गृहस्थ घाटावरचे, जाणकार आणि सभ्य. त्यांनी नळी झुकवली, मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं, नखावर उजेड पाडून पुढून डोळा लावला आणि नळीतले आटे किती तरी वेळ पाहत राहिले. “जपलीय,” एवढंच म्हणाले. मला फार बरं वाटलं. चांगल्या घरी गेली. आईने रंगून तेलाची उरलेली बाटलीसुद्धा त्यांना दिली.

आता उत्तर प्रदेशात हरदोईकडे वेब्लीच्याच नावाची नवी रिव्हॉल्व्हरं बनतात, असं कुणीतरी माझी समजूत घालायला सांगतं. बनोत, चांगलीच असतील. मला माझ्या बाबांच्या तळव्याने झिजलेली हवी आहे, आणि ती बनत नाही.

तुमच्या घरी असं काही असेल तर एक सांगून ठेवतो. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. मुलगा असो, मुलगी असो, जवळ असेल आणि हात हलके असतील, तर या दसऱ्याच्या आत अर्ज करून टाका.