अंगठीची खतावणी

माणसाने चाळिशीनंतर काय करावे, याबद्दल आमच्या शाखेत दोन मते आहेत. रोखपाल म्हणतात, रोज सकाळी चालावे. शाखाधिकारी म्हणतात, बढतीची परीक्षा द्यावी. मी तिसरेच केले. मी घरफोड्या झालो.

घाबरू नका. बँकेतला माणूस 'घरफोड्या' म्हणाला, की ऐकणाऱ्याचा हात आधी पासबुकाकडे जातो हे मला ठाऊक आहे. पण ही घरफोडी संगणकावरची. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' नावाचा एक खेळ आहे. टॉल्कीन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी एका अंगठीच्या भानगडीवर तीन खंडांची कादंबरी लिहिली. ती १९५४-५५ साली छापून आली, आणि पुढे तिच्यावर मोठमोठे सिनेमेही निघाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या टर्बाइन नावाच्या कंपनीने २००७ च्या एप्रिलमध्ये याच कादंबरीवरून हा खेळ काढला. देशोदेशीची माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या दुनियेत हिंडतात. कोणी बुटका, कोणी यक्षासारखा देखणा, कोणी केसाळ पायांचा हॉबिट. शिवाय प्रत्येकाला एक धंदा निवडावा लागतो. त्यांत 'बर्गलर' हा धंदा दिसल्यावर मी क्षणभरही विचार केला नाही. वीस वर्षे तिजोरीच्या अलीकडे बसून पलीकडच्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाने दुसरे काय निवडावे?

आता तुम्ही विचाराल, हे खूळ या वयात शिरले कसे? त्याला कारण माझा धाकटा भाऊ नितीन.

नितीन न्यू जर्सीत असतो. आमच्यात बोलणे नव्हते. म्हणजे अगदीच नव्हते असे नाही, दिवाळीला तो मला पणतीचे चित्र पाठवी, आणि मी त्याला तेच परत पाठवी. २०१७ साली बाबा गेले आणि संगमेश्वराकडचे कौलारू घर आमच्या दोघांच्या नावावर आले. तो म्हणाला, विकू. मी म्हणालो, मुळीच नाही. तो म्हणाला, राहणार कोण तिथे? मी म्हणालो, तिकडे बसून सल्ले देऊ नकोस. यापुढचे संभाषण छापण्याजोगे नाही. एवढेच सांगतो, की आंतरराष्ट्रीय दराने चाळीस मिनिटे भांडलो आणि फोन कोणी आधी ठेवला यावर आजही एकमत नाही.

त्यानंतर २०२० ची टाळेबंदी आली. आम्ही बँकवाले अत्यावश्यक, त्यामुळे दिवसाआड नाकाला फडके बांधून शाखेत जायचे आणि उरलेले दिवस घरात डाळ निवडायची. अशात एके रात्री नितीनचा निरोप आला : "दादा, या खेळाचा बराचसा भाग सध्या फुकट आहे. बघ जमलं तर."

तीन वर्षांनी भावाने पाठवलेले पहिले वाक्य! त्यातला 'दादा' मला आधी दिसला असे लिहिणे शोभून दिसेल. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला आधी 'फुकट' दिसले.

तर या खेळाचा हिशेब आता जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी मांडतो. एकतर्फी नोंद मला जमत नाही.

आधी नावे. पहिली बाब 'फुकट' हीच. हा खेळ २०१० सालापासून फुकट झाला, पण 'प्रोसेसिंग फी शून्य' अशी पाटी मी स्वतः काउंटरवर लावलेली असल्याने फुकट या शब्दाची जात मला माहीत आहे. आत शिरावे तिकडे दुकान. थैलीत जागा हवी? दुकान. तिजोरीत खण हवा? दुकान. थैल्या तर पहिल्या दिवशीच भरतात, कारण मारलेल्या प्रत्येक रानडुकराजवळ काहीतरी सापडते आणि मराठी माणसाच्याने सापडलेली वस्तू टाकवत नाही.

दुसरी बाब चलनाची. शंभर तांब्याची नाणी म्हणजे एक चांदीचे, आणि एक हजार चांदीची म्हणजे एक सोन्याचे. इथवर ठीक. पण त्याखेरीज निरनिराळ्या मुलखांची निरनिराळी टोकने, पदके आणि मुद्रा. एका गावची दुसऱ्या गावात चालतीलच असे नाही. संस्थाने विलीन होण्यापूर्वीचा कारभार असा असावा.

तिसरी बाब टार्गेटची. या खेळात अमुक इतके लांडगे मारा असे फर्मान निघते. ते मारून घाम पुसत परत यावे, तर शाबासकीच्या खालीच लिहिलेले असते : आता त्याच्या दुप्पट मारा. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी घाबरून खिडकीबाहेर पाहिले. मला वाटले, प्रादेशिक कार्यालयातून कोणी आले की काय! आम्हांला मार्चअखेर ठेवींचे उद्दिष्ट अगदी याच भाषेत येते. फरक एवढाच, की लांडगे निदान स्वतःहून अंगावर येतात. ठेवीदार येत नाहीत.

चौथी बाब चित्रांची आणि अंतराची. खेळ २००७ सालचा, तेव्हा चेहरे थोडे रेशनकार्डावरच्या फोटोसारखे. शिवाय यंत्रे अमेरिकेत आणि मी पुण्यात. मी तलवार उगारली की ती बातमी सातासमुद्रापार जाणार, मग लांडग्याला कळणार. तोवर त्याचे जेवण झालेले असे.

आणि पाचवी, सर्वांत मोठी बाब : चालणे. या खेळात इतके चालावे लागते, की रोखपालांचा सल्ला मी मानला असेच म्हणायला हवे. ब्री गावाहून रिव्हेंडेलला जायचे तर वेदरटॉपची टेकडी ओलांडा, पूल ओलांडा, दगड झालेल्या राक्षसांच्या रानातून वाट काढा, नदी उतरा. घोडा मिळतो, पण तो परवडेपर्यंत तंगडतोड. वाटेत काही घडत नाही. झाडे येतात आणि जातात.

आता जमा बाजू. पहिली गोष्ट, इथे माणूस मरत नाही. इतर खेळांत जीव जातो, इथे फक्त मनोधैर्य जाते. ते शून्यावर आले की आपण माघार घेऊन जवळच्या ठिकाणी पुन्हा उभे राहतो. बँकेत आमचे रोज साडेतीनपर्यंत हेच होत असल्याने मला यात फार आपलेपणा वाटला.

दुसरी गोष्ट, नायक आपण नव्हे. अंगठी नेणारा फ्रोडो वेगळा, राजा वेगळा. आपण मागे राहून कोणाचा निरोप पोचव, कोणाची वाट मोकळी कर अशी कामे करायची. मोठी माणसे इतिहास घडवतात आणि त्याची व्हाउचरे आपण भरतो. अंगठी ज्वालामुखीत पडायला खेळात २०१७ साल उजाडले. दहा वर्षे! हेड ऑफिसकडून मंजुरीची वाट पाहिलेल्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही.

तिसरी गोष्ट शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख. तिथे जगबुडी आली तरी लोकांना काळजी जेवणाची. तिथली कामेसुद्धा तशीच. एका घरचा ताजा पाय, म्हणजे त्यांची सारणाची पोळीच म्हणा, दुसऱ्या घरी पोचवायचा, पण वाटेतल्या भुकेल्या हॉबिटांना चुकवून. टपाल पोचवायचे, तर भोचक हॉबिटांना चुकवून. आयुष्यभर वाड्यात राहिलेल्या मला यात काहीच अवघड गेले नाही. शिवाय तिथे वाद्ये खरोखर वाजवता येतात. लोक चौकात जमून मैफली करतात, आणि एक पैसा न देता तास तास वाजवतात. असे फक्त गणपतीत पाहिले होते.

असो. आम्ही खेळू लागलो. इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिथे दुपारचे बारा, नितीनची जेवणाची सुट्टी. तो खेळातला जुना खेळाडू, धंद्याने शिकारी, हातात धनुष्य, अंगावर झुळझुळीत झगा. मी केसाळ पायांचा, त्याच्या कमरेएवढा. त्यात मला रस्ते सापडेनात. तेव्हा त्याने शिकवले, की एक आज्ञा दिली की आपला माणूस दुसऱ्याच्या मागोमाग आपोआप चालू लागतो.

लहानपणी संगमेश्वरच्या बाजारात नितीन माझ्या सदऱ्याचे टोक धरून चालायचा. आता मी चाललो. हात मोकळे, वाटेत काही घडत नाही, झाडे येतात आणि जातात. मग माणूस करणार काय? बोलणार. तेही टंकून, इंग्रजी अक्षरांत मराठी. टंकताना ओरडता येत नाही हा एक मोठा गुण आहे. शिवाय रागाचे वाक्य पुरे होईपर्यंत लांडगा येतो, आणि लांडगा गेल्यावर ते वाक्य तितकेसे महत्त्वाचे वाटत नाही.

आधी आम्ही लांडग्यांवर बोललो. मग गुडघ्यांवर. मग आईच्या हातच्या सांदणावर. घरावर कोणीच बोलले नाही.

काही महिन्यांनी आम्ही शायरमध्ये एक छोटे घर घेतले. गोल दार, पुढे बाग. नाव माझे, नितीनला ये-जा करण्याची आणि देखभालीचे पैसे भरण्याची मुभा. या घराला दर आठवड्याला देखभालखर्च भरावा लागतो, थकला तर कुलूप. २०२१ चा मार्च आला, वर्षअखेरीच्या गडबडीत मी पाच आठवडे तिकडे फिरकलोच नाही. एका रात्री दीड वाजता अंथरुणात उठून बसलो.

"काय झालं हो?" सौ. दचकून म्हणाली.

"घराचे पैसे थकले. कुलूप लागलं असणार!"

"कुठल्या घराला?"

या प्रश्नाला सुखी संसारात उत्तर नसते. मी चोरपावलांनी, म्हणजे धंद्याला शोभेलशा पावलांनी, जाऊन संगणक लावला. घर उघडे होते. पुढचेही पैसे भरलेले होते.

दुसऱ्या रात्री मी नितीनला विचारले. त्याने टंकले, "दोघांचं आहे ना, दादा?"

मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. मग टंकले, "गावच्या घराची घरपट्टीही आली आहे."

शिकारी जागच्या जागी उभा राहिला. इतका वेळ, की मला वाटले लाइन तुटली.

"किती?"

"आठशे बेचाळीस रुपये."

वाचकहो, तीन वर्षे दोन सख्खे भाऊ ज्या इस्टेटीवरून बोलत नव्हते तिचा वार्षिक आकडा पहिल्यांदाच दोघांसमोर एकत्र आला होता. नितीनने टंकले, "एवढंच?" मी टंकले, "कौलं बदलायची आहेत, ती वेगळी." दुसऱ्या दिवशी त्याच्या इथल्या खात्यातून माझ्या खात्यात चारशे एकवीस रुपये जमा झाले. हजारांवर लाखांवर नोंदी रोज माझ्या हातांखालून जातात. पण त्या नोंदीचा मी उतारा काढून ठेवला आहे.

घर विकायचे की नाही, ते अजून ठरलेले नाही. कौले मात्र बदलली.

मागच्या महिन्यात आमच्या शाखेत एक तरुण अधिकारी बदलून आला. तोही हा खेळ खेळलेला निघाला. चहा घेताना मी त्याला या खेळाचे दोष सांगत होतो, विशेषतः पाचवा.

"सर, पण तुमच्याबरोबर शिकारी आहे म्हणता ना? मग चालता कशाला? शिकाऱ्याला विद्या असते. तो अख्ख्या टोळीला एका क्षणात ब्रीला नेतो, रिव्हेंडेलला नेतो."

"सगळ्या शिकाऱ्यांना असते?"

"जुन्या खेळाडूंना असतेच, सर."

माझा चहा गार झाला. ब्रीपासून रिव्हेंडेलपर्यंत आम्ही किती वेळा चाललो होतो, त्याचा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला आणि सोडून दिला.

नितीनला याबद्दल मी अजून विचारलेले नाही, विचारणारही नाही. खतावणीत फक्त एक दुरुस्ती केली आहे. पाचवी बाब नावेमधून काढून जमेला घेतली. आज रात्री साडेनऊला मोरियाकडे निघायचे आहे. वाट लांबची आहे, असे तो म्हणाला.