आधी मान कोण वर करतो

पक्ष्यांचे फोटो काढायला लागलं की कॅमेरा आणि प्रकाश लवकर हाताशी येतात. वर्षं जातात ती एकेका पक्ष्याची भीती वाचायला शिकण्यात.

दुबईच्या रास अल खोरला हिवाळ्यात ते शिकायला मिळतं. खारफुटीवर मोठा ठिपकेदार गरुड बसलेला असतो. समोर रोहित चोच उलटी धरून चिखल चाळत असतात, कडेला शेकाटे. बहिरी ससाणा आला की थवाच्या थवा उठतो. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला तर बरेच शेकाटे नुसते ओरडतात. पण सगळे नाहीत. एका हिवाळ्यात एक शेकाट्या पाय ओढत चालायचा. भोवत्या दूर ठिपक्याएवढा असतानाच तो उडालेला असायचा, बाकीचे चरतच असायचे. त्याच्या पायाची जखम आणि ही घाई मला कधीच वेगळी करता आली नाही. भोवत्याची दिशा मला तोच आधी सांगायचा.

ही भीती पुरती जन्मजात नसते, हे हुबाराच्या बाबतीत फार महागात कळलं. हा माळढोकाच्या कुळातला पक्षी, हिवाळ्यात आपल्या कच्छमध्येही येणारा. पाळीव ससाणे सोडून केल्या जाणाऱ्या शिकारीपायी अरबस्तानात तो कमी होत गेला. १९८२मध्ये अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयात त्याचं पिल्लू जन्मलं आणि पुढे अबू धाबीने त्याच्या पैदाशीचं मोठं काम उभारलं. पण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला कोल्हा काय ठाऊक? शेजारच्या सौदी अरेबियात सोडलेले कितीतरी हुबारा कोल्ह्यांनी मारले. म्हणून संशोधकांनी सोडण्याआधी काही पक्ष्यांना कोल्ह्याची प्रतिकृती दाखवली, तर काहींच्या पिंजऱ्यात थोडा वेळ जिवंत कोल्हाच आणला. १९९९मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिकृतीचा उपयोग झाला नव्हता. जिवंत कोल्हा अनुभवलेले पक्षी जास्त जगले होते.

पिंजऱ्यात कोल्हा आणणं अनेकांना क्रूर वाटतं. मला कोल्हा न दाखवता पक्षी वाळवंटात सोडणं क्रूर वाटतं.

वाळवंटात हुबारा दिसला की मी गाडी लांबच उभी करतो. त्याने मान वर केली की पुढे जात नाही, फोटो लहान आला तरी चालेल. माणूस जवळ आला तरी काही होत नाही, हे त्याने माझ्याकडून शिकू नये. पुढच्या माणसाच्या हातावर ससाणा असू शकतो.