उभ्याने पाहिलेला खेळ

चिरंजीव भाच्यास,


लिव्हरपूलमधील वयस्कर फुटबॉलप्रेमी आज मैदानात क्रमांक घातलेल्या खुर्चीवर बसत असूनही उभ्याने सामने पाहण्याच्या दिवसांविषयी इतक्या ओढीने का बोलतात, आणि ज्या शहराच्या क्लबाने अशाच उभ्या गर्दीत आपले ९७ प्रेक्षक गमावले त्या शहरात ही ओढ टिकून कशी राहिली, हा तुझा प्रश्न वरवर पाहता विसंगतीचा वाटतो. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी प्रथम ती जागा समजून घ्यावी लागते, कारण त्या पिढीच्या आठवणींतला आनंद आणि त्यांच्याच आठवणींतले भय ही दोन्ही एकाच बांधकामातून निर्माण झालेली आहेत आणि त्यांपैकी एक बाजूला ठेवून दुसऱ्याविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होत नाही.

ब्रिटिश फुटबॉलमध्ये ‘टेरेस’ म्हणजे गोलाच्या मागे किंवा मैदानाच्या लांब बाजूस केलेला, अरुंद पायऱ्यांचा उतार होय. राख, माती आणि खडी यांचा भराव टाकून प्रारंभी हे उतार तयार होत आणि पुढे त्यांवर काँक्रीट चढत गेले. बसण्याची सोय तेथे मुळातच नव्हती, त्यामुळे प्रवेश स्वस्त असे आणि थोड्या जागेत पुष्कळ माणसे मावत. १९०२ मध्ये ग्लासगोच्या इब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याच्या वेळी लाकडी टेरेसचा भाग खचून २५ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हापासून लाकडी सांगाड्यांऐवजी भरावाच्या उतारांवर भर देण्यात आला. त्या मैदानाचे अभियंते आर्चिबाल्ड लीच यांनी पुढील काळात ब्रिटनमधील अनेक नामांकित मैदाने उभारली आणि गर्दीचा पुढे येणारा दाब ठिकठिकाणी अडवणाऱ्या लोखंडी कठड्यांच्या रचनेवर विशेष काम केले. उभ्या प्रेक्षकाचा जीव शेवटी या कंबरेएवढ्या उंचीच्या कठड्यांवर अवलंबून असे, ही गोष्ट पुढचे सारे समजण्यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर असा मोठा उतार १९०६ मध्ये उभा राहिला आणि अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडासंपादकाच्या सूचनेवरून त्यास ‘स्पायन कॉप’, थोडक्यात ‘कॉप’, असे नाव पडले. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातील एका टेकडीचे असून तेथे जानेवारी १९००मध्ये बोअर सैन्याशी झालेल्या लढाईत लँकेशायरच्या पलटणींतील पुष्कळ सैनिक कामी आले होते. जखमींना त्याच टेकडीवरून खाली आणणाऱ्यांत मोहनदास गांधी यांनी उभारलेल्या सुमारे १,१०० हिंदी स्वयंसेवकांचे शुश्रूषा-पथक होते आणि त्यांतील बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते, हे लिव्हरपुलात फार थोड्यांना ठाऊक असते. तेथे राहणाऱ्या हिंदी तरुणाने ते अवश्य सांगावे. १९२८ मध्ये या उतारावर छप्पर आले व त्याची क्षमता जवळजवळ ३०,००० झाली. छपरामुळे पावसापासून निवारा मिळाला हे खरेच, परंतु त्याचा खरा परिणाम आवाजावर झाला. मोकळ्या आकाशात विरून जाणारा घोष आता छपरावर आदळून मैदानाकडे परतू लागला आणि कॉपच्या गाण्याची जी ख्याती पुढे झाली तिचा पाया या छपराने घातला.

त्या काळच्या सामन्याच्या दिवसाचे वर्णन वृद्ध प्रेक्षक करतात तेव्हा त्यांत खेळापेक्षा वाट पाहण्याचा भाग अधिक असतो. सामना शनिवारी दुपारी ३ वाजता सुरू होई, कारण १९व्या शतकात कापड गिरण्यांतील कामगारांना कायद्याने शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली होती आणि फुटबॉलचा दिवस त्या सुट्टीच्या मापाने ठरला होता. तिकीट आधी काढण्याची पद्धत साधारण सामन्यांना नव्हती. फिरत्या दांडीच्या अरुंद दारापाशी नाणी मोजून द्यायची आणि आत शिरायचे, म्हणून मोठ्या सामन्यास लोक दोन-तीन तास आधी येऊन आपली जागा धरीत. शाळकरी मुलांसाठी कॉपच्या एका कोपऱ्यात जाळीने वेगळा केलेला, ‘बॉइज पेन’ या नावाने ओळखला जाणारा कोंडवाडा होता, आणि तेथून चढून मोठ्यांच्या गर्दीत निसटणे हा अनेकांच्या आठवणीतला पहिला पराक्रम आहे. इतर मैदानांवर लहान मुलांना प्रेक्षकांच्या डोक्यांवरून हातोहात पुढच्या कठड्यापर्यंत पोहोचवले जाई, आणि कोणास भोवळ आली तर तोही त्याच मार्गाने खाली रुग्णसेवकांकडे जाई. थंडीत भिजलेल्या लोकरी कोटांतून आणि हजारोंच्या श्वासांतून उठणारी वाफ छपराखाली साठे, तंबाखूचा धूर तिच्यात मिसळे, आणि मध्यंतरात बॉव्हरिल या गोमांसाच्या अर्काच्या गरम पेयाचे कप हातोहात फिरत. स्वच्छतागृहे इतकी थोडी आणि इतकी दूर असत की गर्दीतून वाट काढण्याऐवजी पुष्कळ पुरुष उभ्या जागीच मोकळे होत, हेही सांगणारे सांगतात.

यापलीकडे जाऊन टेरेसवर एक व्यवहारी ज्ञान मिळे, ते वडील मुलास आणि थोरला भाऊ धाकट्यास देई. लोखंडी कठड्याच्या मागे, म्हणजे तो पोटाशी येईल असे, कधी उभे राहू नये. तो पाठीशी येईल असे त्याच्या पुढे राहावे, म्हणजे वरून येणारा लोंढा कठड्यावर अडतो आणि उभा असणारा माणूस सुरक्षित राहतो. गोल होण्याच्या क्षणी सारा उतार एकदम खाली झेपावे, माणसे स्वतःच्या पायांवर न चालता काही पायऱ्या पुढे फेकली जात आणि नंतर ओहोटीसारखी मागे येत. या हालचालीत अंग सैल ठेवावे, हात छातीशी असावेत, खाली पडलेली वस्तू उचलण्यास वाकू नये. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांच्या फुटबॉल सामन्यास जे गेले आहेत त्यांना पेठेचा आणि तालमीचा अभिमान गर्दीत कसा एकजीव होतो हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु शरीराने गर्दीच्या स्वाधीन होण्याचा हा इंग्लिश अनुभव त्याहून वेगळा होता, आणि वृद्धांच्या बोलण्यात ‘आपण’ हा शब्द ज्या सहजतेने येतो त्याचे मूळ याच शारीरिक जवळिकीत शोधावे लागते. गोदी कामगार, कारकून आणि विद्यार्थी एकाच पायरीवर, दर पंधरवड्याला त्याच ठिकाणी, परस्परांची आडनावे माहीत नसताना वर्षानुवर्षे उभे राहत असत. १९६०च्या दशकात लिव्हरपूल शहर संगीताने भारलेले असताना कॉपने लोकप्रिय गाणी सामूहिकपणे गाण्यास सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने त्या गाणाऱ्या गर्दीचे चित्रण केले. ते आजही पाहावयास मिळते आणि पाहण्यासारखे आहे.

मात्र ही आठवण सर्वांची नाही, हे येथेच नोंदवले पाहिजे. ती मुख्यतः गोऱ्या पुरुषांची आठवण आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांत अनेक मैदानांबाहेर नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाची पत्रके विकली जात, कृष्णवर्णीय खेळाडूंवर टेरेसवरून माकडाचे आवाज काढले जात आणि केळी फेकली जात. १९८८ मधील एका सामन्यात लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सने असे केळे टाचेने मैदानाबाहेर ढकलल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ब्रॅडफर्ड किंवा लेस्टरमध्ये वाढलेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलांना शनिवारी मैदानाकडे जाणारे रस्ते टाळण्याची शिकवण घरून मिळे. म्हणून ज्या जागेने एका समूहास आपलेपण दिले तिने दुसऱ्यास दाराबाहेर ठेवले, ही गोष्ट टेरेसच्या कोणत्याही कौतुकात विसरली जाऊ नये.

धोक्याची सूचना तर वारंवार मिळत होती. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर क्षमतेबाहेर गर्दी होऊन कठडे कोसळले व ३३ माणसे दगावली. २ जानेवारी १९७१ रोजी इब्रॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या जिन्यावर ६६ जणांचा अंत झाला, आणि त्यानंतर १९७५ मध्ये मोठ्या मैदानांना सुरक्षा-प्रमाणपत्र घेण्यास लावणारा कायदा झाला. परंतु त्याच सुमारास मैदानांवरील मारामाऱ्यांनी सरकार व पोलिसांचे सारे लक्ष वेधून घेतले आणि प्रेक्षक हा रक्षण करण्याचा माणूस नसून आवरण्याचा जमाव आहे अशी दृष्टी रुजली. प्रेक्षकांनी मैदानात धावू नये म्हणून टेरेसच्या पुढे उंच जाळ्या बसल्या आणि मोकळा उतार आडव्या-उभ्या कुंपणांनी लहान कप्प्यांत विभागला गेला. उतारावरून येणाऱ्या दाबास पुढे निघून जाण्याची जी एकमेव वाट होती ती अशा रीतीने बंद झाली.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कपचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेन या बाजूच्या टेरेसवर लिव्हरपूलचे १०,१०० प्रेक्षक उभे राहणार होते आणि त्यांच्यासाठी फिरती दारे अवघी ७ होती. मैदानाचे सुरक्षा-प्रमाणपत्र १९७९ सालचे असून नंतरच्या बदलांनुसार ते सुधारण्यात आले नव्हते. बाहेर गर्दी असह्य झाल्यावर पोलिसांनी २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडले, आत आलेल्या सुमारे २,००० लोकांपैकी बहुतेक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरले, आणि बाजूच्या कप्प्यांत जागा रिकामी असूनही त्यांना तिकडे वळवणारे कोणी नव्हते. एक कठडा तुटला. ३ वाजून ६ मिनिटांनी खेळ थांबला तेव्हा जाळीच्या आत माणसे उभ्याने गुदमरत होती, आणि वाचलेले प्रेक्षक जाहिरातींचे फलक उखडून त्यांवरून जखमींना वाहून नेत होते. मृतांत सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा होता. अखेरचा, ९७वा, बळी त्या दिवशीच्या इजांमुळे २०२१ मध्ये गेला. दुर्घटनेनंतर पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी दोष मद्यधुंद प्रेक्षकांवर ढकलला, आणि ते असत्य पुसून काढण्यासाठी मृतांच्या आप्तांना २०१२चा स्वतंत्र समितीचा अहवाल आणि एप्रिल २०१६ मधील न्यायपंचांचा निर्णय येईपर्यंत लढावे लागले. मृत्यू बेकायदेशीर हत्येचे होते आणि प्रेक्षकांचा त्यांत दोष नव्हता, असा तो निर्णय होता. २७ वर्षे शोकाबरोबर अपमानही सहन करावा लागलेल्या त्या शहरात टेरेसची आठवण हा केवळ तारुण्याचा विषय उरत नाही. मृत्यूनंतरच्या दिवसांत अ‍ॅनफिल्ड शोकाकुल लोकांसाठी उघडले गेले तेव्हा लोकांनी कॉपच्या कठड्यांनाच आपले गळपट्टे बांधले होते. ज्या पायरीवर आपला माणूस उभा राहत असे तीच त्याची जागा, ही जाणीव त्यामागे होती.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. उभे राहणे मुळातच असुरक्षित असते असे त्यात म्हटलेले नाही. तथापि खुर्च्या हा अधिक सुरक्षित मार्ग असल्याने मोठी मैदाने पूर्णपणे आसनयुक्त करावीत अशी त्यांची शिफारस होती, आणि वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना ती ऑगस्ट १९९४पर्यंत अमलात आणावी लागली. इब्रॉक्सवर बसण्याचे तिकीट ६ पौंड व उभ्याचे ४ पौंड असल्याचे उदाहरण देऊन खुर्च्यांमुळे दर फार वाढण्याचे कारण नाही, अशी अपेक्षा त्या अहवालातच होती. ती फोल ठरली, आणि खिशातील नाण्यांवर मैदानात शिरणारी कामगारवर्गातील मुले हळूहळू दिसेनाशी झाली. सुरक्षिततेची ही किंमत अपरिहार्य होती असे म्हणता येत नाही. ती क्लबांनी ठरवलेली किंमत होती. ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विच सिटीविरुद्ध कॉप अखेरचा उभा राहिला, लिव्हरपूल ०–१ असा हरला, आणि त्या उताराच्या जागी सुमारे १२,००० खुर्च्यांचा सज्जा आला.

अलीकडे ‘सेफ स्टँडिंग’ या नावाने एक मध्यम मार्ग निघाला आहे. त्यात प्रत्येक रांगेपुढे पक्का कठडा, दुमडून कुलूपबंद करता येणारी खुर्ची आणि प्रत्येकास नेमून दिलेली जागा असते. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये तो स्वीकारला आणि २०२२ पासून इंग्लंडच्या वरच्या श्रेणींतही त्यास परवानगी मिळू लागली. अ‍ॅनफिल्डवरही अशा खुर्च्या बसल्या आहेत. हिल्सबरोच्या कुटुंबांत व वाचलेल्यांत याविषयी एकमत झाले नाही, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे. पूर्वीचा लोंढा या रचनेत येत नाही, आणि तो न येणे योग्यच आहे.

खालच्या श्रेणींतील क्लबांना टेरेस ठेवण्याची मुभा १९९२ मध्ये मिळाली, त्यामुळे लँकेशायरमधील अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीसारख्या लहान क्लबाच्या मैदानावर आजही उभ्याने सामना पाहता येतो. एखाद्या शनिवारी तेथे जावे, शेजारच्या एखाद्या वयस्कर गृहस्थांनाही बरोबर न्यावे, आणि उतारावर कोठे उभे राहायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

तुझा मामा